झोका, घागर, बाज

माय, पत्राला उशीर झाला. एवढा उशीर की माफी कोणत्या तोंडाने मागावी ते कळत नाही, तरी मागतो. तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं, ते ओलांडून मी केव्हाच पुढे आलो आहे. एवढ्या वर्षांत तुला एक कागद लिहिला नाही. तुला वाचता येत नव्हतं, हे कारण मी स्वतःला देत आलो. मीही सातवीपर्यंतच शिकलेला, त्यामुळे लिहायला बसलो की हात आखडतो, हे दुसरं कारण. आज लिहितोय ते असं धरून की तिथे कोणीतरी तुला वाचून दाखवेल. नाना तुझ्या आधीपासून तिथे आहेत, पण माझे वडील असले तरी त्यांच्याकडे हा कागद देऊ नकोस. गावात आलेली पत्रंसुद्धा ते अर्धी गाळून वाचायचे आणि "बाकी सगळे खुशाल" असं आपल्या मनचं म्हणून घडी घालायचे. हे पत्र अर्धं वाचून चालणार नाही. यात तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि एक विचारायची आहे, आणि मला भीती आहे की दोन्ही मी शेवटपर्यंत ढकलत नेईन. माझा स्वभाव तुला माहीत आहे. "तुह्या पोटातलं घड्याय मांगं चालते," असं तूच म्हणायचीस.

झालं असं की नात पुण्याहून सुटीवर आली. माझ्या थोरल्याची मुलगी, तू तिला पाहिलेलं नाहीस, पण हनुवटी तुझी घेऊन आली आहे. तिने येताना एक वस्तू आणली आणि माझ्या हातात ठेवली. साबणाच्या डबीपेक्षा थोडी लांब, वजनाला एका केळ्याएवढी. मध्ये काच, डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं एक बटण, उजवीकडे चार गोल. मी ती आधी उलटी धरली. मग अंगठ्याखाली ती कोमट लागली तशी खाली ठेवली, कारण हल्ली बॅटऱ्या फुगतात, फुटतात असं ऐकतो. नात हसायला लागली. "आबा, वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून नाही आणला हा. धरा बिनधास्त." तिचं म्हणणं, यात जुने सगळे गेम आहेत. पूर्वी जे माणसाएवढ्या उंचीच्या पेटीत असायचे ते सगळे या डबीत आणून बसवलेत. "तुमच्या गेमच्या दुकानातला कोणता होता, नाव सांगा, शोधते."

नाव मला कुठे माहीत होतं? पेटीवर इंग्रजीत होतं, अर्धं खरवडलेलं. मी म्हटलं, "आम्ही त्याला केळीची बाग म्हणायचो." ती म्हणाली, "असा गेम जगात नाही, आबा." मी म्हटलं, "आहे. उभ्या सऱ्या आहेत. एक टोपीवाला माणूस फळं तोडत जातो, मागे माकडं लागतात. आणि सऱ्यांच्या तोंडाशी दारं आहेत, ती उघडता-लावता येतात." तिने एक आख्खी दुपार घालवली. यादी सरकवत राहिली, मी शेजारी बसून नाही, नाही म्हणत राहिलो. मग एकदम ती सुरुवातीची धून वाजली, पाच सुरांची, आणि माय, मी उठून उभाच राहिलो. दुकान उघडताना शटर वर करून खटका दाबला की जे वाजायचं तेच, फक्त मुठीत रातकिडा धरल्यासारखं बारीक.

हिरवा रंग तोच होता. पण सगळं इतकं लहान की विहिरीत वाकून पाहावं तसं पाहावं लागलं. कंबर टेकायला पेटी नाही, तापलेल्या धुळीचा तो वास नाही. तिथे आपण उभ्याने खेळायचो, खांद्यापासून सगळा हात खेळायचा. इथे नुसते दोन अंगठे, आणि माझे अंगठे आता चहाचा कप धरतानाही थरथरतात. मी विचारलं, "मग ती मशीन कुठे आहे यात?" नात म्हणाली, "मशीन नाहीच आहे, आबा. हे त्या मशीनचं सोंग घेतं. गेमला वाटतं आपण अजून जुन्याच पेटीत आहोत." सोंग म्हटल्यावर मला लगेच समजलं. आपल्याकडे जत्रेत देवीचं सोंग निघायचं, आत कोण आहे ते आख्ख्या गावाला माहीत असायचं, समोर आलं की तरीही तू डोक्यावर पदर घेऊन हात जोडायचीस. मीही त्या डबीपुढे जवळजवळ हात जोडणार होतो.

मग ती म्हणाली, "आणि हे पाहा, थांबायचं असेल तर इथे दाबायचं. जिथे आहात तिथेच सगळं राहतं. आकडासुद्धा. बंद केलं तरी." मी विचारलं, बंद केलं तरी? हो, म्हणाली. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, "लाईट गेली तरी?" "आबा, याला लाईट लागतच नाही हो!" मी डबी खाली ठेवली आणि पाणी प्यायला आत गेलो. तिला वाटलं उन्हाने मला कसंतरी होतंय.

ते दुकान आठवतं ना तुला? जळगावच्या स्टँडमागची गल्ली, सहा फूट रुंद गाळा, सुरतेहून जुन्या आणलेल्या दोन पेट्या. गावात सगळे म्हणायचे, शेत काकाच्या हवाली करून पोरगा डबडी घेऊन बसला. तू मात्र पहूरहून एसटीने यायचीस, फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि माझं जेवण होईपर्यंत स्टुलावर बसून राहायचीस. दुपारी शाळा-कॉलेज भरलेली, गल्लीत कुत्रंही नाही. पेट्या मात्र आपल्या आपण चालू असतात, गिऱ्हाईक नसलं की त्या स्वतःच खेळून दाखवतात. तू त्या टोपीवाल्याकडे बघत बसलेली आहेस. बराच वेळ बघतेस आणि म्हणतेस, "हा येडा फुकटचाच पयून राह्यला."

"माय, माकडं मागे लागलीत त्याच्या. पळणार नाही तर काय?"

"माकडं कायची? पानी हाये ते. जिकडे दार उघडं तिकडे येते. दार लावलं का थांबते. हे त बारे देनं हाये, रे बा."

आणि खरंच तसंच होतं. मी इतके महिने ती पेटी पुसत होतो, मला दिसलं नव्हतं. केळीच्या बागेत पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं, फावडं मारून तोंड फोडायचं, बुजवायचं, हे बारे देणं तू लग्न होऊन आल्यापासून करत होतीस. तू पदर खोचलास आणि उभी राहिलीस. पहिल्या दिवशी सारखी मरत होतीस. मी मागून ओरडतोय, "माय, पळ ना, पळ!" आणि तू मान न वळवता म्हणतेस, "पान्याच्या पुढे पयत नसतात. पानी येऊ द्या लागते." आठवड्याभरात तू मला मागे टाकलंस. महिन्याभरात कॉलेजच्या पोरांना. पोरं मागे रांग लावून उभी, "मावशी, आमचा नंबर कधी?" आणि तू, "बसा रे बा, माह्यं बारं चालू हाये." ती पोरं हा शब्द इतका उचलून बसली की आपला डाव सुरू झाला की आपसात म्हणायची, माझं बारं चालू आहे.

डाव संपला आणि आकडा मोठा असला की पेटी नाव विचारायची. तीन इंग्रजी अक्षरं. मी म्हटलं, मी टाकून देतो. तू माझा हात बाजूला केलास. सगळी अक्षरं एकेक करून फिरवून पाहिलीस आणि तीन निवडलीस. एक दोन मेढी वरून टेकवल्यासारखं, म्हणालीस, हा झोका. एक गोल, ही घागर. आणि एक चार पायांचं, मध्ये दांडी असलेलं, ही आपली बाज. झोका, घागर, बाज. तेच तुझं नाव. कागदावर तू आयुष्यभर अंगठा दिलास, पण तिथे सर्वांत वर, पेटीबरोबर आलेल्या पाच नावांच्या डोक्यावर, तू स्वतः लिहिलेलं नाव होतं. फक्त रोज संध्याकाळी मी खटका बंद केला की ते पुसलं जायचं. पेटीला रात्रीपुरतंही काही आठवत नसे. दुसऱ्या दिवशी परत तीच पाच नावं. तुला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचीस, सडा-रांगोळीही रोजचीच असते.

फक्त एकदा वाटलं. आखाजीच्या, नात म्हणते त्या अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी तू जो डाव खेळलीस तो मी कधीच विसरणार नाही. अठ्ठ्याऐंशी हजार चारशे. तुझा घाम हनुवटीवरून पेटीवर पडत होता आणि पोरं आपापला नंबर विसरून उभी होती. झोका, घागर, बाज टाकून झाल्यावर तू माझ्याकडे वळलीस. "हे पोरगी येईलोक राहू दे. तिले दाखवाचं हाये." माझी धाकटी बहीण, धुळ्याला दिलेली, बोलीही तिकडचीच झालेली. तिच्या सासरचे तिला आखाजीशिवाय पाठवत नसत. त्याच्या आदल्या वर्षी ती तुला म्हणाली होती, "माय, तुले त घड्याळ कळत नही, तू काय करशी शहरमा?" ती मस्करीत म्हणाली, तू हसलीस, पण ते तुझ्या मनात राहिलं होतं. ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, राहू देतो. तू निश्चिंत गावी गेलीस, घागर आणायची होती, पापड बाकी होते.

आणि मी काळजीत पडलो. पेटी बंद करायची नाही, बारा घंटे नाही की चोवीस नाही. जळगावचं वैशाखातलं ऊन, पत्र्याचं छत. मी टेबलफॅन तिच्या पाठीला लावला. दर अर्ध्या घंट्याने मागे हात लावून बघायचो. दुसरं गिऱ्हाईक त्या पेटीवर घेतलं नाही, न जाणो कोणी मोडेल. नवल म्हणजे तीन दिवस लाईट गेली नाही. गल्लीतले सगळे खूश, मी एकटाच दिव्याकडे बघत बसलेलो.

आखाजीच्या दिवशी सकाळी शटर उघडलं. तू गावी पहाटेच घागर भरून, तिच्यावर खरबूज ठेवून, नानांच्या नावाने घास टाकून पहिल्या गाडीने निघणार होतीस आणि स्टँडवरच पोरीची वाट पाहणार होतीस. बहिणीची धुळ्याची गाडी दुपारी. मी पेट्या पुसल्या, हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं. त्या पेटीच्या पाठीला हात लावला तर ती तापलेली होती, लहानपणी दुपारी औतावरून आलेल्या बैलाचं वशिंड लागायचं तशी. आखाजीला आपल्याकडे कोणाच्या मानेवर जू नसायचं. नाना सकाळी उठून बैलांच्या माना चोळायचे आणि म्हणायचे, आज तुम्ही मोकळे. मी हात जोडले, मनात तेच म्हणालो, आणि खटका बंद केला. माय, मी तुझी शपथ घेऊन सांगतो, त्या क्षणी मला पेटी दिसतच नव्हती, बैल दिसत होता. काचेतला सगळा हिरवा रंग मधोमध गोळा झाला, त्याचा एक पांढरा ठिपका राहिला, आणि तो ठिपका बारीक होत होत विझताना मला आठवलं की मी काय केलं.

लगेच परत लावली. ती पाच नावं आली. तुझं नव्हतं. मी बघत उभा राहिलो आणि मग परत खटका बंद केला. पहिल्यांदा हाताने केलं होतं, या वेळी डोक्याने केलं. पेटी काळीच असली तर एक कारण सांगता येतं म्हणून.

दुपारी तुम्ही दोघी आलात. बहिणीच्या कडेवर तिचं पोर, तुझ्या हातात तिची पिशवी. तू दारातूनच म्हणालीस, "पाह्य, तिकडे वर पाह्य, पहिलंच नाव." तिने पाहिलं. "माय, आठे त काहीच नही शे. बठ्ठं काळं." मी म्हटलं, "लाईट गेलीय, माय. सकाळपासून नाही." बहीण हसत सुटली. "माय, तुले ऊन लागनं! चाल, घर चाल, पोळ्या करूत." आणि तू हसली नाहीस. तू एकदा काळ्या काचेकडे पाहिलंस आणि मग वर पाहिलंस. वर पंखा फिरत होता. शेजारच्या दुकानात रेडिओ चालू होता. मग तू माझ्याकडे पाहिलंस आणि मुलीला म्हणालीस, "हो, लाईट गेली व्हती. चाल."

त्यानंतर तू दुकानात आली नाहीस. जळगावला यायचीस, पण स्टँडवरच बाकावर बसायचीस आणि कोणाकडून तरी मला बोलावणं धाडायचीस. भाकरी तीच, ठेचा तोच. मी म्हणायचो, चल ना, एक डाव. तू म्हणायचीस, "आता डोये दुखतात." दोन उन्हाळ्यांनी तू गेलीस. पेट्या मी पुढच्या वर्षी जामनेरच्या बाजारातल्या एका माणसाला देऊन टाकल्या.

बहीण आता आजी झाली, गुडघे गेले, तरी आखाजीला येतेच. आणि दर आखाजीला, सगळे पोळी-रसाला बसले की ती तोच किस्सा सांगते. मायला कसं ऊन लागलं, आणि काळ्या डबड्याकडे बोट करून "पहिलंच नाव माझं" म्हणत ती कशी उभी राहिली. तुझी नक्कल करते, पदर खोचून. तिच्या मनात काही वाईट नाही, तुझ्यावर तिचा जीव होता. पण सुना हसतात, नातवंडं हसतात, आणि माय, इतकी वर्षं मीही हसत आलो. ताटात बघून. तुझ्या आयुष्यातली जी सगळ्यात मोठी कमाई मी डोळ्यांनी पाहिली, ती आपल्या घरात उन्हाचा भास म्हणून सांगितली जाते आणि साक्षीदार मी एकटा आहे.

म्हणून आता मी खेळतोय. नात डबी माझ्यापाशी ठेवून पुण्याला गेली. दुपारी जेवण झालं की मी ओसरीवर बाजेवर आडवा होतो, चष्मा वर सरकवतो आणि बागेत जातो. ऊन बाहेर पांढरं झालेलं असतं, आत मुठीत सगळं हिरवं. कधी कधी डोळा लागतो आणि झोपेतही सऱ्या सरकत राहतात, आणि पाटाच्या पाण्याचा तो गार, मातकट वास येतो, जो त्या डबीतून येणं शक्य नाही. एक-दोनदा मला शेजारी काकणांचा आवाज आला. मी डोळे उघडले नाहीत. रोज थांबलो की जपून ठेवायचं बटण दाबतो, दोनदा दाबतो, बंद करून परत लावून पाहतो. सगळं जागच्या जागी असतं. तरी विश्वास बसत नाही.

पण मी चौतीस हजारांच्या पुढे जात नाही. सहाव्या बागेत अडतो. तिथे पाच दारं आहेत आणि चारही माकडं एकदम सुटतात. मी पळतो आणि मरतो. तू तिथे पळत नव्हतीस, एवढं मला आठवतं. तू कुठल्या तरी एका दारापाशी नुसती उभी राहायचीस, सगळं पाणी अंगावर येईपर्यंत, आणि मग एकच दार लावायचीस. कोणतं, ते मी पाहिलं नाही. मी तुझ्या मागे उभा राहून पळ, पळ ओरडत होतो. नातीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "आबा, आकडा हवाय ना तुम्हाला? मी इथून सांगते तसं करा, पाहिजे तो आकडा टाकता येतो." मी नको म्हटलं. एकदा खटक्याने तुझं नाव पुसलं, आता खटक्यानेच परत लिहिलं तर ते तुझं कसं होणार?

आखाजी आठ दिवसांवर आली. बहीण येणार आहे. मी ठरवलंय की तिच्या हातात डबी द्यायची, वर झोका, घागर, बाज, समोर अठ्ठ्याऐंशी हजार चारशे, आणि म्हणायचं, बघ, मायचं हे असं होतं. हा कागद मी पोस्टात टाकणार नाही हे मला माहीत आहे. तुझ्या नावाची घागर भरली की तिच्याखाली ठेवीन, बस. आणि खरं सांगू? आकडा गाठायची एवढी घाई मला का आहे, ते आता लिहिता लिहिता कळलं. आकडा दाखवता आला तर "लाईट गेली नव्हती, पेटी मी बंद केली होती" एवढं वाक्य मला तिच्यापुढे म्हणावं लागणार नाही. तेवढ्यासाठी मी रोज दुपारी अंगठे दुखवून घेतोय.

माय, तू पंखा पाहिला होतास, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

सहाव्या बागेत कोणतं दार लावायचं, ते लवकर कळव. आणि कळवणार नसशील, दार नको, पोरीला खरं तोंडानेच सांग असं तुझं म्हणणं असेल, तर तसं कळव. पण आठ दिवसांच्या आत.